वर जातानाचा आवाज

कबनुरात दोन माणसं बोलत उभी असली की परगावच्या पाहुण्याला वाटतं, आता हे एकमेकांची गचांडी धरणार. प्रत्यक्षात एकानं दुसऱ्याला चहा घेणार का, एवढंच विचारलेलं असतं. गावात घराला घर लागून आणि घराला माग लागून. दिवसभर धोटे इकडून तिकडं आपटत असतात, खटक-खटक-खटक, आणि त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओठ मोठे करून हलवायचे, जोडीला हात हलवायचे, आणि तरीही समजलं नाही तर शिवी द्यायची, ती समजतेच. कारखान्यातून बाहेर पडल्यावर आवाज खाली आणायचा असतो, हे कुणाला आठवत नाही. त्यामुळं कुणाला नीट ऐकू येतं आणि कुणाला नाही, हे ओळखायची तिथं सोयच नाही.

अशा गावात बसलिंगाप्पा मुगळीचा कान प्रसिद्ध होता. तो आधी दुसऱ्यांच्या मागांवर जॉबर होता, म्हणजे मागांचा डॉक्टर. पुढं त्यानं स्वतःचे माग घातले, तरी कुणाचा माग अडला की बोलावणं त्यालाच येई. तो यायचा, चालू मागाच्या लोखंडी अंगावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा, मान जरा तिरकी करायचा आणि कुठला भाग ढिला झालाय ते सांगायचा. लोकांनी तिरकी मान बघितली आणि म्हणाले, काय कान हाय गड्याचा. तळव्याकडं कुणी बघितलं नाही. बसलिंगाप्पानंही नाही.

कान तोवर बराचसा गेलेलाच होता. तो गेलाय हे त्याचं त्याला कळलं ते अठ्ठ्याण्णव साली, एका विमानाच्या यंत्रापायी.

विमान म्हणजे ग्लायडर. कळंब्याच्या पलीकडच्या माळावर एक छोटा ग्लायडिंग क्लब होता. एक पत्र्याची शेड, एक लाकडी सांगाड्यावर कापड चढवलेला दोन बैठकींचा ग्लायडर, आणि माळाच्या टोकाला जुन्या ट्रकच्या इंजिनावर चालणारी एक विंच. विंचवर गुंडू नावाचा माणूस बसे. तो लांबलचक तारेनं ग्लायडरला पतंगासारखं वर ओढायचा आणि वरच्यानं तार सोडली की बिडी पेटवायचा. शिकवायला होते उदयसिंह सरनोबत, हवाई दलातून निवृत्त झालेले, मिशीला पीळ आणि बोलण्याला तोफ.

बसलिंगाप्पा तिथं गेला होता कापड विकायला. ग्लायडरच्या पंखाला कापड लागतं हे त्यानं कुठंतरी ऐकलं आणि आपल्या मागावरचं एक ठाण खांद्यावर टाकून माळावर हजर झाला. सरनोबतांनी कापड चिमटीत धरून बघितलं, फार वाखाणलं आणि सांगितलं की पंखाला सरकारी मान्यतेचंच कापड चालतं, हे तुम्ही शर्टाला वापरा. पावणा एवढ्या लांबून आलाय, रिकामा कसा पाठवायचा, म्हणून त्यांनी त्याला पुढच्या बैठकीत बसवून एक चक्कर मारून आणली. खाली उतरल्यावर बसलिंगाप्पानं आधी पंखावरून हात फिरवला. मग म्हणाला, "सर, वर खटखट न्हाय की." त्यानंतर दर सुट्टीला तो माळावर. शिकला, परीक्षा दिल्या, माळाभोवती एकट्यानं फिरायला लागला.

दरवर्षी डॉक्टरी तपासणी व्हायची. डॉक्टर समोर बसून विचारायचे, "ऐकू बिकू नीट येतंय ना?" बसलिंगाप्पा त्यांच्या ओठांकडं बघून म्हणायचा, "येतंय की." तपासणी झाली.

त्याचं एकच स्वप्न होतं. कळंब्याहून उडायचं, पंचगंगा ओलांडायची, एकट्यानं कबनूरवर जायचं, आपल्या कारखान्याच्या पत्र्यावर एक गोल घ्यायचा आणि परत यायचं. गावात तो हे बोलूनही बसला होता. लोक विचारत, "काय अप्पा, कवा येणार इमान?" तो म्हणायचा, यंत्र आलं की.

यंत्राचं असं होतं. ग्लायडरला इंजिन नसतं. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचा लोट वर चढतो. त्यात शिरायचं आणि घारीसारखे गोल घेत त्याच्याबरोबर वर जायचं. पण आपण वर चाललोय की खाली, हे नुसत्या बसल्या अंगाला धड कळत नाही. ते सांगायला समोर एक घड्याळासारखं यंत्र असतं, व्हेरिओमीटर. क्लबचं व्हेरिओमीटर म्हातारं होऊन काटा मधोमध ठेवून वारलं होतं. नवं बसल्याशिवाय कुणालाही माळ सोडून लांब जायला सरनोबतांची परवानगी नव्हती.

तेवढ्यात पुण्याच्या एका वयस्कर वैमानिकानं उडणं थांबवलं आणि आपल्याकडची तीन यंत्रं क्लबकडं पाठवली. उन्हाळाभर वापरून बघा, एक ठेवा, दोन परत करा, असा निरोप. पुढच्या फळीवर गोल भोक एकच होतं. कुठलं यंत्र ठेवायचं ते कुणी ठरवायचं, यावर शेडमध्ये फारशी चर्चा झाली नाही. यंत्र म्हटल्यावर बसलिंगाप्पाचा कान. म्हैस पारखायला जाणत्या माणसाला न्यावं तशी ती तिन्ही यंत्रं त्याच्यापुढं मांडली.

पहिलं साधं, काट्याचं. बॅटरी नाही, काही नाही. बसलिंगाप्पाला ते बघताक्षणी आवडलं. पण काटा आळशी. ग्लायडर वर चढायला लागून बराच वेळ झाला की मग हा उठून उभा राहायचा, लग्न लागल्यावर अक्षता घेऊन येणाऱ्या पाहुण्यासारखा. शिवाय सारखं त्याच्याकडं बघत बसायचं म्हणजे बाहेर कोण बघणार, असं सरनोबतांचं म्हणणं.

तिसरं होतं फ्लाइट कॉम्प्युटर. त्याला पडदा. वारा किती, कुठून, आपण कुठं आहोत, आत्ता निघालो तर घरापर्यंत पोचू की मधेच कुणाच्या उसात उतरू, सगळं तो आकड्यांत सांगायचा. बसलिंगाप्पा म्हणाला, आभाळात जाऊन टीव्ही बघायचा असंल तर घरीच बसू की. सरनोबतांनाही त्याची बटणं उमगत नव्हती, त्यामुळं त्यांनी हे मत ताबडतोब उचलून धरलं.

राहिलं दुसरं. त्याला काटा होता आणि बॅटरीवर चालणारा आवाजही होता. खाली जाताना ते घोगरं, लांबट रडायचं. वर चढायला लागलं की टूक-टूक करायचं, आणि चढ जसा जोरात तशी टूकटूक बारीक, उंच आणि घाईची होत जायची. डोळे बाहेर ठेवायचे, कानानं चढायचं. सरनोबतांच्या मते हेच ठेवायला हवं होतं. फक्त अप्पांनी एकदा उडवून शिक्कामोर्तब करायचं.

ती चक्कर एप्रिलातल्या एका दुपारी झाली. पुढं बसलिंगाप्पा, मागं सरनोबत. गुंडूनं ओढून वर काढलं, तार सुटली. कळंब्याच्या तुरुंगाच्या भिंतीशी हवा जरा उचलायला लागली. टूक... टूक... बसलिंगाप्पाला छान ऐकू आलं. त्यानं वळण घेतलं. टूक, टूक. बुडाखाली बैठक दाबली गेल्यासारखी वाटली. आणि यंत्र गप्प झालं.

संपला लोट, असं म्हणून त्यानं वळण मोडलं आणि सरळ निघाला. लगेच घोगरं रडणं सुरू झालं. तो पुन्हा फिरला. पुन्हा टूक-टूक, पुन्हा गप्प, पुन्हा तो बाहेर. असं करत करत थोड्याच वेळात ते माळावर उतरले. गुंडूची बिडी अजून संपलेली नव्हती.

सरनोबत मागून उतरले ते लालबुंद होऊन. लोट असा जोरदार की वर्षातनं एखादा मिळतो, आणि ऐन मधोमध आल्यावर हा माणूस दर वेळी दार उघडून बाहेर पडतोय. "अप्पा, मी मागनं बोंबलतोय सोडू नका, सोडू नका. कुठं चाललावता?"

"यंत्र गप झालं की."

"गप? किंचाळत होतं."

"सर, मधेच बंद पडायलंय ते. आत तार ढिली हाय."

आता कुणाच्या कानावर विश्वास ठेवायचा? सरनोबतांचं सारं आयुष्य विमानांच्या इंजिनांशेजारी गेलेलं. त्यांनी स्वतःचा कान चिमटीत धरून हलवला आणि म्हणाले, आपल्यालाच भास झाला असंल. अप्पा म्हणतोय तर तार ढिली असणार. बसलिंगाप्पा यंत्र पिशवीत घालून दुरुस्तीला घरी घेऊन गेला. एखाद्या यंत्रावर त्यानं घातलेला हा पहिलाच खोटा आळ.

आठवड्याच्या सुट्टीची दुपार होती. गल्लीतले माग बंद. बसलिंगाप्पानं टेबलावर यंत्र मांडलं, बॅटरी जोडली आणि मागच्या नळीला रबराची नळी लावून ती तोंडात धरली. हलकेच ओढलं की यंत्राला वाटतं आपण वर चाललोय. फुंकलं की खाली. बायको, चन्नम्मा, त्याच्याकडं पाठ करून भाकऱ्या थापत होती. हुक्का ओढायचं तेवढं राहिलं होतं, असं ती मघाशी म्हणाली होती, त्याच्याकडं तोंड करून.

त्यानं हळू ओढलं. टूक... टूक... जरा जोरात ओढलं. काटा चढला, आवाज गेला. त्यानं यंत्र उघडलं, प्रत्येक तार बोटानं चाचपली. एकही ढिली नव्हती. पुन्हा जोडलं, पुन्हा ओढलं. काटा टोकाला, आणि यंत्र मुकं. तो ओढतच राहिला. तेव्हा चन्नम्मा पिठाच्या हातांनी वळली. तिचा चेहरा त्रासलेला होता.

"बंद करा की ते. टिटवीगत बोंबलायलंय मघाधरनं. भर दुपारी टिटवी चांगली न्हाय."

त्यानं तोंडातली नळी काढली. "कोण बोंबलायलंय?"

"ते तुमचं. आनि कोण?"

त्यानं तिच्याकडं बघत बघत नळी पुन्हा तोंडात धरली आणि ओढली. चन्नम्मानं पिठाचे हात कानांवर ठेवले. त्यानं सोडली. तिनं हात काढले. त्यानं पुन्हा ओढली. तिनं पुन्हा ठेवले. एखाद्या मागाची चूक शोधताना तो असंच करायचा. एक भाग हलवायचा आणि दुसरा हलतो का बघायचा. चूक सापडली होती.

तो उठला आणि कपाटापुढं जाऊन उभा राहिला. "माझ्या मागं थांब आनि काय तरी बोल," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

बराच वेळ गेला. ही बोलायला सुरुवात का करत नाही, म्हणून त्यानं डोळे उघडले. समोर कपाटाचा आरसा होता आणि त्यात त्याच्या खांद्यामागं चन्नम्मा. ती बोलत होती. धोट्यांच्या आवाजात आयुष्यभर ओठ वाचलेला माणूस तो. आरशातले ओठही त्याला वाचता आले. "शांभवीचे अप्पा," ती म्हणत होती. शांभवी त्यांची सासरी गेलेली मुलगी. मग ती म्हणाली, "ऐकलं का?" लग्नापासून ती त्याला हेच म्हणत आली होती आणि त्याला वाटायचं, आपल्याला ऐकू येतं.

मग चन्नम्मानं दाराकडं बघितलं. दोन्ही बाजूंना बघितलं. पदर डोक्यावर ओढून घेतला. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच. रेशन कार्डासाठी साहेबानं नाव विचारलं तेव्हाही तिनं शेजारणीला पुढं केलं होतं. आता तिचे ओठ मिटले, ब म्हणायला मिटतात तसे. मग उघडले, पसरले, आणि शेवटच्या प्पाला पुन्हा मिटले. अख्खं नाव. तिनं थोडं थांबून ते पुन्हा घेतलं, या वेळी मानेच्या शिरा फुगल्या. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं.

घरात एवढीही चाहूल नव्हती.

तो वळला. "आलं की ऐकू," तो म्हणाला.

"काय म्हटलं मी?"

आता काय सांगायचं? तू माझं नाव घेतलंस म्हणावं, तर ती लाजेनं महिनाभर समोर येणार नाही. "शांभवीचे अप्पा म्हणालीस."

चन्नम्मा खाली बसली. "म्हंजे न्हाय आलं," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी जळाली, तो वास मात्र दोघांना बरोबर आला.

कानाच्या डॉक्टरकडं चन्नम्माच घेऊन गेली. इचलकरंजीतल्या त्या डॉक्टरांनी कानावर मोठे गोळे लावून आवाज सोडले, आणि हाताच्या बोटानं खूण करायला सांगितली. बसलिंगाप्पाचं बोट खालच्या आवाजांना उठलं, मग पडलं ते पडलंच. डॉक्टर समजूतदार होते. उंच आवाज आधी जातात, गेलेले परत येत नाहीत, हळूहळू खालचेही जातील, असं त्यांनी समोर बसून, ओठ नीट हलवून सांगितलं. आणि म्हणाले, तुमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना आणलंत तर हेच निघेल. पूर्वी गावातला एखादा विनोद म्हणून बसलिंगाप्पानं हे चार लोकांना सांगितलं असतं. आता घरी परतताना त्यानं बघितलं, चहाच्या टपरीवर माणसं ओरडून बोलत होती, हसत होती, एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. एकजणही मान फिरवून बोलत नव्हता.

पण खरा घोर वेगळाच होता. कुठलं यंत्र ठेवायचं ते अजून त्याच्याच शब्दावर होतं. दुसरं बिघडलेलं आहे, काट्याचंच ठेवू या, एवढं म्हणायचा अवकाश, कुणी हूं का चूं केलं नसतं. काटा आळशी असला तरी डोळ्यांना दिसत होता. त्यावर तो कबनूरला जाऊन आला असता. डॉक्टर वर्षातनं एकदा ऐकू येतंय का विचारणार, आणि तो येतंय की म्हणणार. चन्नम्मा कुणाला सांगणार नव्हती. दोन आठवडे तो माळावर गेला नाही. यंत्र पिशवीतच होतं. रोज सकाळी लिंगपूजा झाली की तो ठरवायचा, काट्याचं. आणि रोज त्याला एक गोष्ट आठवायची.

थंडीत एकदा विंचवर वर गेल्यावर त्यानं तार सोडायची मूठ ओढली होती. तार सुटली की खालून टण्णकन आवाज येतो. त्यानं मूठ ओढली आणि ग्लायडरचं नाक खाली घातलं. तेवढ्यात मागून सरनोबतांनी त्याच्या डोक्यात टपली मारली होती आणि स्वतःच्या बाजूची मूठ ओढली होती. उतरल्यावर ते बरंच बोलले होते, पण गुंडूच्या इंजिनाकडं तोंड करून. बसलिंगाप्पानं ते सगळं थट्टेवारी नेलं. आता कळत होतं. तार सुटलीच नव्हती. टण्ण झालंच नव्हतं, आणि झालं काय, न झालं काय, त्याला सारखंच होतं. कबनूरला जायचं ते एकट्यानं, म्हणजे मागची बैठक रिकामी. आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला गुंडू.

मे महिन्यात तो माळावर गेला आणि यंत्राची पिशवी सरनोबतांच्या हातात दिली.

"सापडली का तार?"

"तार चांगली हाय. हेच ठेवा, सर. बाकीची दोन पाठवून द्या."

"मग बिघडलंवतं काय?"

बसलिंगाप्पानं स्वतःच्या कानावर बोट ठेवलं.

सरनोबत आधी हसले. मग त्यांनी त्याच्या मागं जाऊन काहीतरी म्हटलं असावं, कारण गुंडूचा बिडीचा हात मधेच थांबला. ते पुन्हा पुढं आले तेव्हा मिशीतलं हसू गेलं होतं. तोफेसारखा माणूस, पण त्या दिवशी ते इतकं हळू बोलले की ओठही धड हलले नाहीत, आणि बसलिंगाप्पाला ते काय म्हणाले ते कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. खिशातलं उडायचं लायसन काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

नंतर सरनोबतांनी शब्द मोठे करून सांगितलं, की यंत्र बसवून एकदा दोघं कबनूरला जाऊ. मागं मी, ऐकायचं काम माझं. तुम्ही नुसतं गाव बघा.

यंत्र त्या गोल भोकात बसलं. ऊन चांगलं होतं. तुरुंगाशी लोट मिळाला आणि सरनोबत गोल घेत चढायला लागले. पुढं बसलिंगाप्पासमोर काटा वर गेला. पहिले दोनचार टूक त्याला मिळाले, मग सगळं शांत. खाली कळंब्याचं तळं ताटलीएवढं झालं. मागं सरनोबतांच्या कानात यंत्र आनंदानं किंचाळत असणार. बसलिंगाप्पानं फळीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, मान तिरकी केली. लाकडात वाऱ्याची नुसती थरथर होती. टूकटूक तळव्याला लागत नव्हती.

हुपरीच्या अलीकडं लोट संपले. लांबवर, उन्हाच्या धुरकटात, कबनूरचे पत्रे चमकत होते. त्यातला आपला कुठला ते काही कळत नव्हतं. सरनोबतांनी खांद्यावर थोपटलं आणि ग्लायडर माघारी वळवला. त्याबरोबर यंत्रानं ते घोगरं, लांबट रडणं सुरू केलं.

ते त्याला स्वच्छ ऐकू आलं. मधल्या गावांवर ऐकू आलं, उसाच्या फडांवर ऐकू आलं, माळावर गुंडू उभा दिसायला लागला तरी ते चालूच होतं. चाक जमिनीला टेकलं तेव्हाच ते थांबलं.

सरनोबत मागून काहीतरी म्हणाले. बसलिंगाप्पा समोर बघत बसून राहिला. गुंडूनं येऊन काचेचं झाकण उघडलं, त्याच्या तोंडासमोर वाकून ओठ मोठे करून विचारलं, "अप्पा, दिसलं का गाव?"

"दिसलं की," बसलिंगाप्पा म्हणाला, आणि पट्टे सोडायला लागला.